तान, चान, चिन, त्रान : परदेशातल्या चिनी आडनावाचा माग कसा काढायचा

परदेशातल्या चिनी आडनावाचा माग काढायला बसलात, तर पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग आधी बाजूला ठेवा. पूर्वज घरी कोणती बोली बोलायचा आणि बोटीतून उतरल्यावर कोणत्या देशाच्या कारकुनाने त्याचं नाव कानावर पडलं तसं लिहून घेतलं, एवढंच स्पेलिंगवरून कळतं. घराणं कळतं ते चिनी अक्षरावरून. अक्षर हाती नसेल तर कितीही शोधा, दुसऱ्याच कुणाचे आजे-पणजे आपल्या गळ्यात पडतात.

मी नागपूरची, महालात राहते. आमच्या घरी वंशावळीची वही आहे. सासऱ्यांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडून उतरवून आणलेली. मुलाने मलेशियातल्या पिनांगच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा तिचं माहेर या वहीत नीट यायलाच हवं असं मी ठरवलं. कारण वहीत पुरुषांच्या पिढ्या ओळीने आहेत, पण सुनांच्या नावापुढे जागा कोरी. कित्येकींचं माहेरचं नावसुद्धा नाही. ते मला फार लागतं. ही सून तशी राहू द्यायची नव्हती. तिचं आडनाव तान, म्हणून इथे उदाहरणही तान यांचंच घेते. ली असो, लिम असो की वाँग, पद्धत हीच.

पहिलं काम अक्षर मिळवण्याचं. ते तोंडी मिळतं, कारण चिनी माणसं आडनाव सांगताना अक्षराची फोड करून सांगतात. मी विहीणबाईंना व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तुमच्याकडचं तान कोणतं?" त्यांनी डावा तळहात कॅमेऱ्यासमोर धरला, उजव्या बोटाने त्यावर गिरवलं आणि मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, म्हणाल्या, "अर् तोंग छन्." अर् म्हणजे कान, तोंग म्हणजे पूर्व दिशा. अक्षराच्या डाव्या अंगाला कानासारखं वळण, उजव्या अंगाला 'पूर्व' हे अक्षर, दोन्ही मिळून छन्. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉकियन बोलीत याच अक्षराचा उच्चार तान. ली आडनावाचे लोक 'लाकूड आणि मूल' असं सांगतात, लिन किंवा लिम 'दोन झाडं', जांग 'धनुष्य आणि लांब'. विचारायला संकोच करू नका, आनंदाने सांगतात.

घरातल्या तरुण पिढीला चिनी वाचता येत नसेल, असं पुष्कळ घरांत असतं. मग लग्नपत्रिका, देवघरातली पूर्वजांची पाटी, दुकानाचा जुना फलक किंवा थडग्याचा फोटो मागा. फोनमध्ये चिनी हस्ताक्षराचा कीबोर्ड सुरू करून अक्षर बोटाने गिरवलं की टाइप झालेलं मिळतं. आता विक्शनरीत, म्हणजे इंटरनेटवरच्या मोफत शब्दकोशात, ते टाका. तिथे एकाच अक्षराचे मँडरिन, कँटनीज, हक्का, हॉकियन असे सगळे उच्चार एका पानावर दिसतात. एक ध्यानात असू द्या: चीनने १९५६ पासून बऱ्याच अक्षरांची रूपं सोपी केली, त्यात छन्‌चा उजवा भागही बदलला. त्यामुळे आजोबांच्या थडग्यावरचं आणि नातीच्या पत्रिकेवरचं अक्षर वेगळं दिसलं तरी आडनाव एकच असतं. तैवान-हाँगकाँगमध्ये आजही जुनंच रूप चालतं.

आता हे एकच अक्षर देशोदेशी काय काय झालं ते बघा. मँडरिन बोलणाऱ्यांचं ते छन्, स्पेलिंगमध्ये चेन. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगच्या कँटनीज लोकांचं चान. फुजियान प्रांताच्या दक्षिणेकडचे हॉकियन आणि शेजारचे तिओच्यू यांचं तान. म्हणून सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्सला तान दिसतात. हक्का लोकांचं चिन; जमैकात चिन भरपूर आहेत, कारण तिथे गेलेले बहुतेक चिनी हक्का होते. फुचौ बोलीत तिंग. मलेशियाच्या सारावाकमधल्या सिबूला १९०१ मध्ये फुचौ लोकांची वसाहत झाली, तिथले तिंग बहुतेक हेच. हवाईत चुन, थायलंडमध्ये 'से तांग' ('से' म्हणजे आडनाव), व्हिएतनाममध्ये त्रान. व्हिएतनामवर १२२५ ते १४०० राज्य केलेलं आणि मंगोलांना परतवून लावणारं त्रान घराणं मूळचं फुजियानकडचं.

म्हणजे स्पेलिंगवरून बोली कळते आणि बोलीवरून चीनचा कोपरा. तुमच्या ओळखीचं माणूस चान असेल तर ग्वांगडोंगकडे बघा, तान असेल तर दक्षिण फुजियान किंवा तिओच्यू मुलूख, चिन असेल तर हक्का डोंगराळ भाग किंवा ताइशान. आपल्याकडे सदर-धरमपेठेत ज्या हक्का नूडल्सच्या गाड्या लागतात, ते हक्का म्हणजे हेच लोक. कोलकात्याच्या टँगऱ्यात पूर्वी चामड्याचे कारखाने चालवणारे, बहुतेक ग्वांगडोंगच्या मेइश्यान भागातून आलेले.

उलट बाजूने मात्र जपून. एकाच स्पेलिंगमागे वेगवेगळी आडनावं दडलेली असतात. शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे पहिले संचालक तान युन-शान हुनान प्रांतातले. त्यांचं तान हे मँडरिनमधलं तान. अक्षर निराळं, कँटनीजमध्ये ते 'ताम' होतं. पिनांगच्या तान घराण्याशी त्याचा काही संबंध नाही, जरी इंग्रजीत दोघांचं टी-ए-एन असलं तरी. वाँग म्हणजे कधी 'राजा' अर्थाचं वांग, कधी 'पिवळा' अर्थाचं हुआंग. सिंगापूरच्या तोह मंडळींत तर दोन आडनावांचे लोक आहेत, मँडरिनमध्ये एक जुओ आणि दुसरं तू.

यातल्या जुओ आडनावाचा धागा नागपूरला येऊन पोचतो, म्हणून मला ते विशेष जवळचं. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच पथकात आपले नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातच कितीजणांना ठाऊक आहे? तिथे पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, जोडलं गेलं. चोळकर झाले जुओ खहुआ, कोटणीस झाले ख दीहुआ. चोळकरांमधल्या 'चो'शी जुळणारं जुओ, कोटणिसांमधल्या 'को'शी जुळणारं ख, दोन्ही चीनमधली खरीखुरी आडनावं. तेच ख पिनांगला हॉकियन उच्चारात 'क्वाह' होतं. कुणाला फक्त 'ख दीहुआ' एवढंच नाव मिळालं आणि तो त्याचं मूळ गाव फुजियानमध्ये शोधू लागला, तर सोलापूरपर्यंत कधीच पोचणार नाही. आडनाव रक्ताने येतं तसं ते दिलं-घेतलंही जातं, हे या कामात सतत मनात ठेवावं लागतं.

छन् आडनावाचं मूळ सांगतात ते असं. शांग राजवट उलथवून चौ राजे गादीवर आले, तेव्हा पुराणपुरुष शुन याच्या वंशातला म्हणून कुइ मान याला छन् हे राज्य दिलं गेलं. राजधानी वानछिऊ, आजच्या हनान प्रांतातल्या हुआइयांगजवळ. इ.स.पू. ४७८ च्या सुमारास बलाढ्य छू राज्याने छन् गिळून टाकलं. राज्य गेलं, पण लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून धरून ठेवलं. पुढे यिंगछुआन इथल्या छन् घराण्याचा लौकिक वाढला आणि जगभरचे छन् आजही स्वतःला यिंगछुआनचे म्हणवतात. तांग काळात छन् युआनग्वांग या सेनानीने फुजियानच्या दक्षिणेला जांगचौ वसवलं. तिथे आणि आग्नेय आशियात त्याची देव म्हणून पूजा होते.

ही कथा वहीत जरूर लिहा, पण 'परंपरा' म्हणून लिहा. आपल्या व्यक्तीपासून कुइ मानपर्यंत सलग रेघ ओढू नका. पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेइ राजवटीत श्यानबेइ या मूळच्या बिगर-चिनी लोकांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा होउमोछन् नावाच्या कुळाचं नुसतं छन् झालं. दत्तक, घरजावई, धन्याचं आडनाव घेतलेले नोकर, असेही पुष्कळ. चीनमध्ये आज पाच कोटींहून जास्त छन् आहेत. एका माणसाची ती लेकरं नव्हेत.

खरी कमाई मूळ गाव शोधण्यात आहे आणि ते बहुधा थडग्यावर सापडतं. पिनांगला एप्रिलच्या सुरुवातीला 'चेंग बेंग' असतो. घरची माणसं पूर्वजांची थडगी झाडून-पुसून, झिजलेली अक्षरं पुन्हा रंगवून येतात. त्या वेळेला फोटो मागवा, अक्षरं तेव्हाच सगळ्यांत स्वच्छ दिसतात. विहीणबाईंनी सुनेच्या पणजोबांच्या थडग्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फोनवर तो उकलेना, म्हणून बर्डीच्या बाजारातून मोठा करून छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले.

मधल्या उभ्या ओळीत मृताचं नाव. त्यातलं पहिलं अक्षर, कान आणि पूर्व, लाल रंगात. बाकीचं नाव सोनेरी. विहीणबाईंनी सांगितलं की माणूस जातो, आडनाव जात नाही, म्हणून आडनावाला जिवंत माणसाचा लाल रंग. उजवीकडे तारीख, डावीकडे थडगं उभारणाऱ्या मुला-नातवंडांची नावं. आणि सगळ्यांत वर, आडवी दोन अक्षरं: हाइछंग. हेच मूळ ठिकाण.

नकाशात हाइछंग तालुका सापडणार नाही. १९६० मध्ये तो शेजारच्या लुंगशीशी जोडून लुंगहाइ नाव पडलं, आणि आता तो जांगचौ शहराचा भाग आहे. मिंग दरबाराने १५६७ मध्ये समुद्रव्यापाराला मोकळीक दिली ते युएगांग बंदर याच हाइछंगमधलं. म्हणून या टापूतून माणसं इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने मनिला, जावा, मलाक्का, पिनांगकडे गेली. जुनं नाव सापडत नसेल तर 'या तालुक्याचं आज काय झालं' असा शोध घ्या. काही थडग्यांवर तर तालुक्याचं रूढ नाव नसून शोभेचं जुनं नाव असतं. शियामेनजवळच्या थुंगआनचे लोक 'यिनथुंग' लिहितात.

वरच्या जागी 'यिंगछुआन' असेल तर ते गाव समजू नका, ते कुळाच्या दालनाचं नाव. मात्र तेही कामाचं. पिनांगच्या जॉर्जटाउनमध्ये तान कुळाचं मंदिर आहे, त्याचं नाव 'एंग चुआन तोंग', म्हणजे यिंगछुआन दालनाचा हॉकियन उच्चार. गल्लीचं नाव 'से तान कोर्ट', आणि आत पूजा त्या जांगचौच्या छन् युआनग्वांगची. अशा कुळसंस्था क्वालालंपूर, सिंगापूर, सान फ्रान्सिस्को सगळीकडे आहेत. आपल्या माणसाने कुठल्या संस्थेत वर्गणी भरली हे कळलं की तो कोणत्या बोलीचा, कोणत्या टापूतला हे पक्कं होतं. पत्र इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, पण आडनाव आणि गाव चिनी अक्षरांत टाका.

तारखेचा हिशेब सोपा आहे. शकात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो तसं 'मिन्गुओ' म्हणजे प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवा: मिन्गुओ २४ म्हणजे १९३५. सम्राट ग्वांगश्यूचं वर्ष असेल तर १८७४ मिळवा. महिना-तिथी चांद्र असते, ती इंग्रजी तारीख समजून उतरवू नका.

गाव मिळालं की वंशग्रंथ शोधता येतो, चिनीत त्याला ज्यापू म्हणतात. शांघाय ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे, आणि फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट नाव नोंदवून हजारोंची पानं घरबसल्या पाहता येतात. आडनाव आणि जुनं तालुक्याचं नाव दोन्ही टाकून शोधा. नुसतं छन् टाकलं तर बुडून जाल. ज्यापूत पिढीची अक्षरं बघा. कुळात एक कविता ठरलेली असते आणि एकेका पिढीतल्या सगळ्या भावांच्या, चुलत भावांच्या नावात तिचं एकेक अक्षर येतं. थडग्यावरच्या नावातलं अक्षर त्या कवितेत त्याच क्रमाने बसलं तर तुम्ही बरोबर दारात आहात.

तिथे गेलात की बायकांकडे मुद्दाम बघा. चिनी बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. आमच्या विहीणबाई आजही लिमच आहेत. पण ज्यापूत तिचं सगळं अस्तित्व 'लिन शी', लिमांची लेक, एवढ्यावर आटोपलेलं असतं. मुली तर पुष्कळदा नाहीतच. पूर्ण नाव हवं असेल तर थडगी आणि वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता चाळा. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. निधनवार्तेत मुली, जावई, सुना सगळ्यांची नावं सापडतात. सुनेच्या पणजीचं पूर्ण नाव आम्हाला अशाच एका कात्रणात मिळालं. त्या दिवशी पिनांगला आणि महालात दोन्हीकडे गोड झालं.

जिथे आडनावच बदललेलं असतं ती घराणी सगळ्यांत अवघड. थायलंडमध्ये १९१३ च्या आडनाव कायद्यानंतर हळूहळू लांबलचक थाई आडनावं आली. इंडोनेशियात १९६६ च्या सरकारी निर्णयाने चिनी वंशाच्या लोकांना इंडोनेशियन नावं घ्यायला लावली. अनेकांनी नवीन नावात जुन्या आडनावाचा उच्चार जपून ठेवला. तिथले उद्योगपती सुकांतो तानोतो जन्माने तान. दक्षिण अमेरिकेकडे वेगळाच प्रकार: नोंद करणाऱ्याने पूर्वजाचं पूर्ण नाव हेच आडनाव म्हणून टिपलं. १९८० ते ८२ या काळातले सुरीनामचे राष्ट्राध्यक्ष हेंक चिन आ सेन. त्यांच्या 'चिन आ सेन' या आडनावातलं चिन तेवढं खरं आडनाव. हवाईतही तसंच: पहिल्या पिढीतला मोठा व्यापारी चुन आफोंग. त्याची मुलं-लेकरं आफोंग याच आडनावाने ओळखली गेली.

अमेरिकेत आणखी जपून. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सान फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणी जळाली, तेव्हा अनेकांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं, आणि नागरिकाचा मुलगा म्हणून दुसऱ्याच घरातली पोरं कागदोपत्री आली. कागदावर चिन, घरात ली, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. म्हणून अमेरिकेतल्या घराला 'घरातल्या घरात तुमचं आडनाव काय?' हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा, आणि तोही ओळख झाल्यावर.

भारतातल्या चिनी घरांशी बोलताना तर फारच हळुवार. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या हजारो माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात लहान मुलं होती, म्हातारी होती. सुटल्यावर कित्येकजण देश सोडून गेले. कोलकात्याचे कितीतरी हक्का आज टोरांटोत आहेत. ज्या घराला आडनावामुळे हे सोसावं लागलं, त्या घरात आडनाव विचारणं साधी चौकशी राहत नाही. आधी आपण का विचारतोय ते सांगा, आणि नको म्हणाले तर थांबा. मुंबईकडचे पूर्वज असतील तर माझगावचं सी यूप मंदिर बघा. सी यूप म्हणजे ग्वांगडोंगचे चार तालुके, तिथल्या लोकांचं ते.

आडनाव आज कुठे किती आहे हे दाखवणारे रंगीत नकाशे शेवटी बघा, आधी नाही. ते स्पेलिंग मोजतात. तान टाकलं की तुर्कस्तान रंगतं, कारण तान हे तुर्की आडनावही आहे. चान टाकलं की मेक्सिकोचा युकातान भाग रंगतो. तिथले चान हे माया लोक. भरवशाचं चित्र मिळतं ते देशोदेशीच्या नोंदींवरून: चीनमध्ये छन् पाचव्या क्रमांकावर, वांग, ली, जांग आणि लिउ यांच्या मागे, ग्वांगडोंगमध्ये आणि तैवानमध्ये पहिला, तैवानात तर दर शंभरांत सुमारे अकराजण, सिंगापूरच्या चिन्यांत तान सगळ्यांत जास्त, व्हिएतनाममध्ये नुयेननंतर त्रान. उत्तरेपेक्षा दक्षिणेच्या किनाऱ्यावर छन् दाट आहेत आणि समुद्रापार गेले ते याच किनाऱ्यावरून. १८४२ च्या नानजिंग तहाने शियामेनसारखी बंदरं उघडली, मलायात कथिलाच्या खाणी आणि कॅलिफोर्नियात सोनं निघालं, आणि घराघरातून एक तरी माणूस बोटीत बसला. चीनबाहेर हे आडनाव इतकं ठळक दिसतं ते त्यामुळे.

वहीत उतरवताना मी प्रत्येक व्यक्तीपुढे एवढं लिहिते: घरचे हाक मारतात तो उच्चार देवनागरीत, चिनी अक्षरं (सून स्वतः काढते, माझ्या हाताला ते वळण नाही), पासपोर्टवरचं स्पेलिंग, गावाचं जुनं आणि आजचं नाव, आणि ही माहिती कुठून मिळाली. आईचं माहेर न चुकता. हयात माणसांच्या जन्मतारखा वहीतच राहू देते, इंटरनेटवर टाकत नाही. पान पूर्ण झालं की फोटो काढून पिनांगला पाठवते. विहीणबाई पेन्सिलीने दुरुस्त्या करून परत पाठवतात. त्यांची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे मी उठते तेव्हा बहुतेक वेळा उत्तर आलेलं असतं. मागच्या खेपेला त्यांनी आपल्या आईचं आडनाव घालून पाठवलं, ओंग. आता तिचं अक्षर विचारायचं आहे, कारण ओंग म्हणजे हॉकियनमधलं वांगही असू शकतं.